बोटभर खिडकी

जून महिन्यातल्या, म्हणजे जगाच्या दक्षिण टोकाच्या या गावातल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला गॅसचा माणूस आला. जिन्याखालच्या नळीला त्याने कसलंसं यंत्र लावून पाहिलं, तोंडाने चक् केलं, आणि मग घराघरांत शिरून शेगड्यांवर लाल चिठ्ठ्या डकवत सुटला. नेवेन्काच्या घरात खोली गरम ठेवणाऱ्या, भिंतीतल्या दोन शेगड्या होत्या, एक बैठकीच्या खोलीत आणि एक आईच्या खोलीत. आईच्या खोलीतली त्याने बंद केली तेव्हा आत जो बारीक घुंकार चाले तो थांबला. चार वर्षं तो रात्रंदिवस चालू होता, इतका की नेवेन्काला तो आपल्याच कानातला वाटायचा. "किती दिवस हे असं?" तिने विचारलं. "सगळे पाइप बदलायचेत, बाई. काही आठवडे धरून चला." "आठवडे? अहो, जून चालू आहे!" "माझ्याही घरी जूनच चालू आहे, बाई," तो म्हणाला आणि दार लोटून गेला. नेवेन्का खोलीच्या मध्यभागी उभीच राहिली. खोली तीच होती, आईचा पलंग तोच, भिंतीवरची बोटीची तसबीर तीच. पण आवाज गेल्याबरोबर सगळं जरासं लांब सरकलं, पाण्याखालून पाहावं तसं. खिडकीशी तीन कुंड्या होत्या. मधल्या मोठ्या पिंपात आईचं ग्रोसेयाचं जुनं झुडूप आणि दोन्ही बाजूंना त्याची दोन कलमं. नेवेन्काने शेगडीच्या लोखंडावर हात ठेवला. ते अजून कोमट होतं, आणि हाताखाली निवत गेलं.

आता हीही जाणार, असं तिच्या मनात आलं. झुडपं म्हणजे. आईच्या घरातलं एवढंच तर जिवंत उरलं होतं. घर विकलं, ज्यांनी घेतलं त्यांनी पाडलं, पत्रे ट्रकात भरून नेले. नेवेन्का तिकडून जायचंच टाळी. एकदा चुकून गेली तर त्या जागी मोटारी लावलेल्या, आणि काचेची पडवी जिथे होती तिथे कुणाची तरी निळी गाडी. ती पडवी आईची. गावातल्या सगळ्याच जुन्या घरांना पुढच्या बाजूने अशी पडवी असते, वाऱ्यापासून जपायचं ते सगळं तिथे ठेवायचं. कुणी जिरॅनियम ठेवतं, कुणी बूट. आईने ग्रोसेया ठेवली होती. बाहेर लावली की वारा मोहोर झोडून काढतो म्हणून अर्ध्या पिंपात, आत. दार मात्र ती वरचेवर उघडं टाकायची, का ते कुणी विचारलं नव्हतं. जानेवारीत तिला रायआवळ्याएवढी हिरवी, शिरा दिसणारी फळं लागत. दानित्सा आणि नेवेन्का दोघी बहिणी ती कच्चीच तोडून मिठाबरोबर खात, दात आंबून जाईपर्यंत, आणि मग जेवताना तोंड वाकडं करत. "खा अजून खा," आई म्हणायची, "उद्या भाकरी चावायला माझे दात लावा." नेवेन्काच्या घरी आल्यापासून त्याच झुडपाला एक फूल नाही. चार वसंत गेले. पहिल्याच वर्षी तिने चित्रकलेचा बारीक कुंचला आणून ठेवला होता, कारण घरात मधमाशी कुठून येणार, फुलांवर कुंचला फिरवावा लागतो असं तिने ऐकलं होतं. तो कुंचला न्हाणीघरात दात घासायच्या ब्रशाशेजारी पेल्यात उभा होता, कोरा.

तसं पाहिलं तर तिने काही कमी केलं नव्हतं. औषधाच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं काउंटरमागे काढलेली बाई ती. अख्ख्या गावाच्या छात्या तिला पाठ. कुणाचा खोकला कोरडा, कुणाचा ओला, कोण मे महिन्यातच आडवं होतं, सगळं ठाऊक. थंडी कशी येते आणि माणसाला कशी उचलून नेते हे तिने इतकं पाहिलं होतं की घरात सदा उन्हाळा ठेवायचा हे तिचं व्रतच झालं होतं. झुडपांसाठीही तेच. पानं साबणाच्या पाण्याने पुसायची, लाल कोळ्याची कीड धरली की एकेक पान चिमटीत धरून धुवायचं, वरून दिवा लावायचा. आणि झुडपं वाढतही होती, हेच तर नवल. ऐन जुलैतही त्यांना लांबलांब, बारीक, फिक्या काड्या फुटत. त्या काचेकडे वाकत, मग खाली मान टाकत. फुलाचं मात्र नाव नाही.

दुपारी तिने आपली जाड शाल काढून मोठ्या पिंपाला गुंडाळली, कलमांना दोन उशांचे अभ्रे घातले, आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली. ते करताना तिला सात वर्षांची नेवेन्का आठवली. ऑगस्ट महिना, बाबा बंदरात बोटीवर काम करताना दगावलेले, आणि त्यांची शवपेटी काचेच्या पडवीत ठेवलेली. काका-आत्या बेटावरून यायची होती, सामुद्रधुनी खवळलेली, बोट सुटत नव्हती, म्हणून दोन दिवस थांबावं लागलं. घरातली चूल विझवली होती. पडवीचं दार सताड उघडं. नेवेन्का विझलेल्या चुलीला पाठ लावून बसली होती, चूल आठवणीने तरी गरम असेल म्हणून. "थंडी हवीच बाई," शेजारची एक म्हातारी कुणाला तरी सांगत होती, "म्हणजे बिचारा टिकेल." सात वर्षांच्या पोरीने ते ऐकलं आणि कायमचं ठरवून टाकलं की थंडी ही मेलेल्यांसाठी असते. पेटीला जागा करायला ग्रोसेयाचं पिंप कोपऱ्यात ढकललं होतं. त्याच्या उघड्या काड्यांवर बर्फाची भुकटी बसलेली तिला आत्ता लख्ख दिसली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या झुडपाला कधी नव्हे इतकी फळं आली होती, आई मुरंबा ढवळताना रडत होती, आणि त्या वर्षीचा मुरंबा कुणीच नीट खाल्ला नाही. ही दोन चित्रं इतकी वर्षं तिच्या मनात शेजारी शेजारी टांगलेली होती, पण एकातून दुसऱ्यात जायला दार आहे हे तिने पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे ओनोफ्रे वर आले. चिलोए बेटावरचा म्हातारा, कानावर लोकरीची टोपी, हातात फडक्यात बांधलेले गरम मिल्काओ. बटाट्याचे हे थापलेले वडे ते विजेच्या तव्यावर करून साऱ्या जिन्याला वाटत होते. "काय शेजारीणबाई, जिवंत आहात ना वर?" जिन्यातूनच ओरडले. "आहे अजून," नेवेन्का म्हणाली, "या, पण टोपी काढू नका." चहा घेताना त्यांची नजर उघड्या दारातून आईच्या खोलीत गेली, आणि ते कप घेऊनच उठले. "हे काय? झाड आहे की आजारी मांजर?"

"गारठेल ना ते."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला (कोरडा, सवयीने नेवेन्काच्या मनात नोंद झाली), आणि मग तो आईच्या पलंगावर टेकला. "अहो शेजारीणबाई, गारठायलाच हवं त्याला! पलीकडच्या किनाऱ्यावर मेंढवाड्याच्या मालकांकडे एकतीस वर्षं काचघर सांभाळलं मी. मे महिना लागला की सगळी पिंपं बाहेर बर्फात लोटायचो. मालकीणबाई नवीन होत्या तेव्हा मला दुष्ट म्हणाल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. ऑगस्टच्या शेवटी आत घ्यायचो. मग बघा, फांदी दिसायची नाही फुलांनी."

"पण मी तर याला एवढं जपलं..."

"जपलंत ना, तिथेच घोळ झाला." त्यांनी शाल जरा बाजूला केली आणि एक फिकी काडी बोटावर घेतली, नाडी बघावी तशी. "ह्याला झोप लागली की ते थंडी मोजत बसतं. पुरेशी झाली की समजतं, वर्ष संपलं, आता उठावं. तुम्ही ह्याला हिवाळा दिलाच नाहीत. ह्याच्या लेखी अजून तेच वर्ष चालू आहे, ज्या वर्षी ते इथे आलं." मग चहाचा घोट घेऊन अगदी सहज म्हणाले, "तुमच्या आईला ठाऊक असणार की. कधी विचारलं नाहीत?"

ओनोफ्रे गेले. मिल्काओ ताटलीत गार झाला. विचारलं नाही कधी, असं नेवेन्का स्वतःला सांगू पाहत होती, आणि तेवढ्यात आईचा आवाज आला. भूत वगैरे काही नाही, नुसती आठवण. "उघड गं जरा. बोटभर." चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आईला इथे आणलं. पंच्याऐंशीची बाई, त्या जुन्या घरात एकटी, भिंतींतून वारा, सकाळी तांब्यातलं पाणी गोठलेलं. नेवेन्का आणि दानित्साने मिळून ठरवलं. आई भांडली नाही, तिने एवढंच म्हटलं की पिंप बरोबर येईल. इथे तिला गरम खोली मिळाली, गरम गाद्या, गरम सूप. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून रोज सकाळी तेच सुरू झालं. "नेवेन्का, खिडकी उघड गं जरा." "नाही आई, वारा आहे." "बोटभर." "आई, न्यूमोनिया होईल, माझं ऐक." मग आई उठून काचेवर तळहात टेकवायची आणि तशीच उभी राहायची, गाल लालबुंद, कपाळावर घाम. मेपासून ती दिवसाही झोपायला लागली. जुलैत जेवण सुटलं. डॉक्टर आले, छाती स्वच्छ म्हणाले, वय झालं म्हणाले. सप्टेंबरच्या एका सकाळी ती उठलीच नाही. काचेवर तिच्या तळहाताचा तेलकट ठसा होता. माणसं यायची होती, घर नीट दिसायला हवं होतं, म्हणून नेवेन्काने तो व्हिनेगरने पुसून काढला. त्या व्हिनेगरचा वास आत्ता तिच्या बोटांना आला, आणि तिने बोटं स्कर्टला पुसली.

मग दिवस एकात एक मिसळत गेले. ऊन दहाला येई, चारला जाई. नेवेन्का कोट घालून घरात वावरे, स्वयंपाकघरात विजेची छोटी शेगडी पायाशी घेऊन बसे, आणि मधूनच आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राही. शाल काढून टाकली होती. अभ्रे काढले होते. फटीतली वर्तमानपत्रंही एका दुपारी रागारागाने उपसली, आणि मग कुणी पाहत नाही ना अशा चोरट्या हाताने खिडकीची कडी सोडली. बोटभर. वारा शिट्टी घालत आत आला. तो काही रागावलेला नव्हता, नुसता आला, पलंगावरून फिरला, बोटीच्या तसबिरीची दोरी हलवली. नेवेन्काने दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकली. एका आठवड्यात झुडपांची पानं पिवळी पडली, मग लाल झाली, मग गळली. चार वर्षांत पहिल्यांदा नीट, एकत्र, लाज न बाळगता गळली. उघड्या काड्या उरल्या. झोपलेल्या माणसाचा चेहरा कसा परका आणि तरी जास्तच आपला वाटतो, तसं तिला वाटलं. ती दारातूनच बघायची, आवाज न करता.

पण मन मोठं वकील असतं. माणूस म्हणजे ग्रोसेया नव्हे, ते म्हणायचं. पंच्याऐंशी वर्षांच्या छातीवर बर्फ घालून कुणी फुलत नाही. आई झाडासाठी म्हणत असेल, स्वतःसाठी नाही, आणि झाडासाठी म्हणत असेल तर तुझ्याकडून एक झाड चुकलं, बस्स. नेवेन्का हे सगळं ऐकून घ्यायची, पटल्यासारखी मान डोलवायची, आणि परत तिला तो काचेवरचा तळहात दिसायचा. झाडासाठी कुणी काचेला असा तळहात लावून उभं राहत नाही. हळूहळू तिच्या मनाने एक विचित्र करार केला, तिला न विचारता. झुडूप फुललं तर आईचं खरं होतं. नाही फुललं तर थंडीने काही होत नसतं, आईचं वय झालं होतं, आणि नेवेन्काने जे केलं ते कोणत्याही मुलीने केलं असतं. एकदा हे ठरल्यावर तिला कळेना की आपण रोज सकाळी त्या काड्यांकडे कशाच्या आशेने बघतो. फूल यावं म्हणून, की येऊ नये म्हणून?

दानित्साचा राजधानीतून फोन आला. "ओनोफ्रेंची सून भेटली होती इथे. म्हणाली तू खिडक्या उघड्या टाकून बसतेस. खुळी झालीस का गं?"

"एकच खिडकी. बोटभर."

"हो का! उद्या तूच आडवी होशील, मग मी विमानाने येऊन तुला सूप पाजू?" मग नरम आवाजात: "नेवेन्का, आईसाठी तू काय कमी केलंस? सगळं तूच केलंस. मी तर नुसती फोन करत होते."

"तुझ्याजवळ कधी बोलली होती का ती? खिडकीचं?"

"रोज," दानित्सा म्हणाली. "मीच म्हणायचे तिला, नेवेन्काला कळतं सगळं, ती औषधाच्या दुकानात होती, तिचं ऐक." कुणाच्या तरी घरी कुत्रा भुंकत होता, तिच्याकडे की दानित्साकडे, तेही कळेना.

जुलै सरता सरता गॅस आला. तोच माणूस, तशीच पेटी. लाल चिठ्ठी खरवडून काढली, तिथे हिरवी लावली. "घ्या बाई, करा घर गरम," जणू स्वतःच्या खिशातून गॅस देत होता. तो गेल्यावर नेवेन्का आईच्या खोलीत शिरली. श्वासाची वाफ दिसत होती. शेगडीसमोर गुडघे टेकून बसली आणि खटक्यावर बोट ठेवलं. ओनोफ्रे म्हणाले होते, ऑगस्टच्या शेवटापर्यंत. म्हणजे अजून महिना बाकी. आत्ता पेटवली तर झोप अर्धी राहील. झुडूप फुलणार नाही. कुणी तिला काही म्हणणारही नाही, साऱ्या इमारतीत सगळ्यांच्याच शेगड्या आत्ता भडकल्या होत्या, खालून मुलं आनंदाने ओरडत होती. आत्ता हे बोट दाबलं की ती सुटली, कायमची. कळणारच नाही. न कळणं म्हणजे किती ऊबदार! तिला ती ऊब आधीच गालांवर जाणवली, आणि तिच्यात आईच्या कपाळावरचा घामही जाणवला. किती वेळ ती तशी बसली कोण जाणे. गुडघ्यांना मुंग्या आल्या. मग ती पलंगाच्या कडेला धरून उठली, म्हणाली, "नको बाई," आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी बैठकीतली शेगडीही तिने बारीकच ठेवली.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. आई गेली तो दिवस आला तेव्हा ती दफनभूमीत गेली, सायप्रसच्या कातरून आकार दिलेल्या झाडांमधून फिरली, परत आली आणि खोलीत डोकावली नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आत गेली तर काड्यांच्या अंगावर हिरवे ठिपके फुटलेले. चार दिवसांनी पानं, सुरकुतलेली, दुमडलेली, आणि पानांच्या काखेत काहीतरी लोंबतंय. चष्मा लावून ती वाकली. फूल. ग्रोसेयाचं फूल कधी कुणी कौतुकाने बघत नाही, इतकं ते साधं असतं. हिरवट, जरा तांबूस, खाली मान घातलेलं. एक दिसलं, मग दुसरं, मग फांदीच्या टोकापर्यंत ओळच दिसली. कलमांनाही होतीच. नेवेन्का पलंगावर बसली. आनंद होईल असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. तो झालाच नाही असं नाही, पण त्याच्या आधी दुसरंच आलं. "आई," ती मोठ्याने म्हणाली, "तू बरोबर होतीस गं. मी तुला गुदमरवलं." वाक्य खोलीत राहिलं. ती रडली, बराच वेळ, नाक पुसायला रुमाल सापडेना म्हणून आईच्या उशीच्या अभ्र्यालाच नाक पुसलं, आणि त्या विचित्र गोष्टीचं तिला जरा हसूही आलं.

मग तोंड धुवायला न्हाणीघरात गेली तेव्हा पेल्यात तो कुंचला दिसला. घेऊन आली. वारा पडलेला दिवस होता, इथे असे दिवस बोटांवर मोजावेत इतकेच. सामुद्रधुनी काचेसारखी पसरलेली. खिडकी जूनपासून होती तशीच, बोटभर उघडी. तिने स्टूल ओढलं, पहिलं फूल दोन बोटांत धरलं आणि त्याच्या तोंडाशी कुंचला नेला. ओनोफ्रे इथे असते तर म्हणाले असते, बघा, मधमाशीची नोकरी शेजारीणबाईंनी घेतली. एवढ्यात काचेवर काहीतरी आपटलं. ठप्प. परत, ठप्प. तिने मान वर केली. बाहेर एक भुंगा होता, नारिंगी, केसाळ, अंगठ्याएवढा जाड, बाबांच्या बोटीवरच्या लोकांच्या टोपीवर असतो तसा गोंडा. तो काचेवर चढत होता, घसरत होता, फटीशी येऊन डोकं खुपसत होता आणि परत मागे फिरत होता. फट बोटभरच होती. त्याच्या मानाने अरुंद. घुंकार मात्र आत येत होता, बारीक, अखंड. शेगडीचा गेलेला आवाज परत आल्यासारखं तिला क्षणभर वाटलं, पण हा वेगळा होता, हा थांबून थांबून विचारत होता. पडवीचं दार आई का उघडं टाकायची, हेही तिला त्याच क्षणी समजलं. थंडीसाठी तर होतंच. ह्यांच्यासाठीही होतं.

कुंचला तिने पलंगावर ठेवला. उठली, कडी पूर्ण सोडली, आणि जोर लावून खिडकी सताड उघडली. गार हवा तिच्या छातीवर आली आणि आत गेली. भुंगा जरा मागे हटला, हवेतच डुलला, काय करावं असं ठरवत असल्यासारखा. नेवेन्का बाजूला झाली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, वाट मोकळी करून.

"ये," ती म्हणाली, "ये बाई, आत ये. उशीर केला मी."